सॉलोमनच्या खाणी, 'शी' आणि हरवलेली नगरं: आता परत वाचताना...

पायवाट

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेत एच. रायडर हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स' सापडलं. कसरीनं मधल्या पानांची जाळी केलीय, मागचा पुठ्ठा गायब. नववीच्या सुट्टीत आजोळी झोपाळ्यावर पडून वाचलं होतं, आजी जेवायला हाका मारून थकली होती. परवा झाडू बाजूला ठेवला आणि माळ्यावरच बल्बच्या उजेडात साठ पानं उरकली. बायकोनं शिडी काढून घ्यायची धमकी दिली तेव्हा उतरलो.

माणूस गोष्ट सांगायला बसला की उठू देत नाही हे मान्यच. कॅप्टन गुडचा तो प्रसंग आठवतोय? बायबलातल्या राजा सॉलोमनच्या हिऱ्यांच्या खाणींच्या वाटेवर निघालेली मंडळी वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून कुकुआना या आफ्रिकी लोकांच्या मुलखात उतरलीत आणि गुडसाहेब ओढ्याकाठी दाढी करतायत. एक गाल झालाय, एक राहिलाय. अंगात सदरा, पायात बूट, विजार नाही, एका डोळ्याला भिंग. तेवढ्यात भालेवाले हजर. हा माणूस दात काढतो आणि परत बसवतो म्हटल्यावर (कवळी!) त्यांची खात्रीच पटते की हा काही माणसातला नव्हे. झालं, आता देवपण टिकवायचं तर बिचाऱ्यानं पुढचे कित्येक दिवस तसंच, अर्ध्या दाढीनं आणि उघड्या पायांनी हिंडायचं. मी माळ्यावर एकटाच खो खो हसत होतो.

पुस्तकाचा जन्मसुद्धा पैजेतला. १८८३ ला स्टीव्हन्सनचं 'ट्रेझर आयलंड' आलं आणि गाजलं. हॅगार्ड भावाला म्हणाला, त्यात काय एवढं? भाऊ म्हणाला, याच्या निम्म्यानं बरं लिहून दाखव, लाव पाच शिलिंग. पठ्ठ्यानं काही आठवड्यांत हातावेगळं केलं. सप्टेंबर १८८५ ला छापून आलं, वर्षभरात ३१ हजार प्रती गेल्या. प्रकाशकानं त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या: एकरकमी शंभर पौंड, नाहीतर विक्रीवर दहा टक्के. हा शंभर पौंडांवर सही करणारच होता. संपादक खोलीबाहेर गेले तेवढ्यात कोपऱ्यातला कारकून हळूच म्हणाला, मी असतो तर टक्के घेतले असते. त्या कारकुनाला नंतर कुणी पेढे दिले की नाही कोण जाणे.

पण या वेळी एक गोष्ट घशात अडकली. डोंगरात सॉलोमनचा राजरस्ता आहे, खाणीपाशी दगडाचे तीन अजस्र पुतळे आहेत. ते कुणी घडवले? गोष्ट सांगणारा क्वाटरमेन म्हणतो, फिनिशियन (भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन व्यापारी) लोकांनी असतील. म्हणजे शेजारी पिढ्यान् पिढ्या राहणारे कुकुआना शूर, देखणे, शिस्तीचे, पण दगड मात्र त्यांनी घडवलेला असूच शकत नाही. दोन वर्षांनी आलेल्या त्याच्याच 'शी' कादंबरीमध्येही तेच. कोर नावाचं भव्य नगर, बांधणारे केव्हाच साथीनं संपले, आणि आता तिथल्या थडग्यांत राहणारे लोक जुन्या मढ्यांच्या मशाली करून जाळतायत. नववीत हे वाचून अंगावर काटा आला होता. आता वाटलं, ही एकच युक्ती आहे आणि ती प्रत्येक नगराला लावलेली आहे: बांधणारे दुसरेच, राहणारे उपरे.

भाचा सातवीत आहे, पुस्तकावर डोळा ठेवून आहे. द्यावं का? आणि तुम्हा लोकांना आता ही पुस्तकं कशी लागतात?

तिरकस

पुस्तकाचं नंतर बघू. शिडी मिळाली का परत?

कुडाळचो_झील

त्यातली चेटकी म्हातारी गागूल वाचून माका दोन राती झोप नाय इली. अजून खंयची म्हातारी काठी टेकत इली की तीच दिसता. भाच्याक देवा, पण रात्री वाचूक नको म्हणान सांगा.

आजीचं_पंचांग

यातली ग्रहणाची गंमत कुणाला माहीत आहे का? तुमची प्रत नंतरच्या छपाईतली असणार, म्हणून त्यात चंद्रग्रहण असेल. पहिल्या आवृत्तीत ते सूर्यग्रहण होतं. आदल्या रात्री पूर्ण चंद्राचा लखलखाट, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी सूर्यग्रहण! आमची आजी चौथी शिकलेली, तिनंसुद्धा पुस्तक मिटून विचारलं असतं, "अरे, मधली अमावास्या कुठं सांडलीस?" पौर्णिमेनंतर पंधरवडाभर थांबल्याशिवाय सूर्याला ग्रहण कसं लागेल?

बरं, तेवढ्यावर भागत नाही. त्या अंधाराचा फायदा घेऊन मंडळी गर्दीतून सटकतात आणि चांगला लांबचा पल्ला मारतात. खग्रास सूर्यग्रहणातला पुरा काळोख फार फार तर साडेसात मिनिटं. तेवढ्यात आमच्याकडे देवघरातली समईसुद्धा लावून होत नाही. चूक ध्यानात आल्यावर हॅगार्डनं पुढच्या छपायांमध्ये सूर्य काढून चंद्र बसवला. मला त्याचं कौतुक वाटतं, निदान दुरुस्त तरी केलं.

युक्ती मुळात कोलंबसाची. २९ फेब्रुवारी १५०४ ला जमैकात त्यानं चंद्रग्रहणाची धमकी देऊन तिथल्या लोकांकडून धान्य मिळवलं होतं. तेव्हापासून साहसकथेतला प्रत्येक गोरा खिशात पंचांग घेऊन हिंडतो आणि समोरच्यानं आयुष्यात कधी ग्रहण पाहिलेलं नसतं. पायवाट म्हणतात तीच युक्ती, फक्त आकाशातली.

निळी_शाई

@आजीचं_पंचांग, "मधली अमावास्या कुठं सांडलीस" याला दंडवत.

मी 'शी'च्या बाजूनं बोलणार. त्यातली राणी आयेशा दोन हजार वर्षं एका माणसाची वाट बघत बसलीय, आणि ती बाई आहे म्हणून बिचारी नाही, तिला सगळे टरकून असतात. त्या काळच्या किती कादंबऱ्यांत अशी बाई सापडेल? पुस्तकही म्हणे दीडेक महिन्यात लिहून झालं.

आणि त्यातलं ते खापर! गोष्टीची सुरुवातच एका फुटक्या रांजणाच्या तुकड्यापासून होते. त्यावर ग्रीक अक्षरांत आख्खी कर्मकथा, खाली पिढ्यान् पिढ्यांच्या वारसांच्या सह्या. हॅगार्डच्या मेहुणीनं ते खापर खरोखर बनवलं होतं, जुनं दिसावं म्हणून खपून. ग्रीक मजकूर एका नामांकित ग्रीक पंडिताकडून लिहून घेतला. खोटा पुरावा, पण काय निगुतीनं केलेला! ते खापर आजही नॉरिचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. इतिहासाचा वास यावा म्हणून इतकी मेहनत हल्ली खरे इतिहासकार तरी घेतात का?

मु_पो_हरारे

इथे लिहिणारच नव्हतो, पण निळी_शाई ताईंचं "खोटा पुरावा निगुतीनं" वाचलं आणि राहवलं नाही. कारण या गोष्टीतला दुसरा खोटा पुरावा मी जवळून पाहिलाय. नोकरीनिमित्त सहा वर्षं झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेत काढली. मस्विंगो गावाजवळचं ग्रेट झिंबाब्वे, म्हणजे जुन्या दगडी नगराचे अवशेष, तीनदा बघितलं, एकदा आई-वडिलांना घेऊन.

आधी जागा सांगतो. टेकडीवर एक बांधकाम आणि खाली मोठं आवार. आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर घेराची, काही ठिकाणी ११ मीटर उंच. चुना नाही, माती नाही, नुसता ग्रॅनाइटच्या चिरांवर चिरा. तिथल्या उघड्या डोंगरांवरून ग्रॅनाइटचे पापुद्रे आपसूक सुटतात, शिवाय आग लावून, पाणी ओतून तडकवता येतात. म्हणून चिरा विटांसारख्या सपाट. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीमधून एक बोळ जातो. इतका अरुंद, की माझे दोन्ही खांदे दगडाला घासत होते. वर आकाशाची एक पट्टी. बाबा पुढे होते, वळणावर दिसेनासे झाले, आणि त्यांचा आवाज मात्र भिंतीतून यावा तसा येत होता: "अरे, एकही कोपरा नाही रे कुठे!" खरंच नाही. सगळं वळत जातं. बोळाच्या शेवटी दगडाचा निमुळता मनोरा, तीन मजली घराएवढा. आत खजिना असेल म्हणून लोकांनी उकरून पाहिला. तो भरीव आहे. आत काहीच नाही.

आता पुरावा. १८७१ ला कार्ल माउख नावाचा जर्मन तिथे पोचला. दारावरच्या लाकडी तुळईची ढलपी काढली, वास घेतला, रंग पाहिला. लालसर, सुवासिक, अगदी आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखं! पेन्सिल देवदाराची, म्हणजे हा लेबनॉनचा देवदार. लेबनॉनचा देवदार म्हणजे फिनिशियनांनी आणलेला, फिनिशियन म्हणजे सॉलोमनच्या वेळचे, म्हणजे हा शेबाच्या राणीचा महाल. एका पेन्सिलीवर केवढी ही उतरंड! लाकूड तिथल्याच रानातलं होतं.

हॅगार्ड १८७५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरच्या हाताखाली आला. १८७७ ला प्रिटोरियात ब्रिटिश झेंडा चढला तेव्हा तो तिथे हजर होता. त्या वर्तुळात या वावड्या उडतच होत्या. पुढे १९०० मध्ये त्याची 'एलिसा' ही गोष्ट पुस्तकात आली. ती थेट फिनिशियन झिंबाब्वेत घडते, त्यात सॉलोमनचा नातूच नायक. इथवर मी म्हणेन, ठीक आहे, कादंबरी आहे.

पण ती कादंबरी राहिली नाही. सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याच्या कंपनीला हा मुलूख हवा होता, आणि "मुळात हे गोऱ्यांचंच होतं" ही कहाणी त्यांना फार सोयीची. १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराला या अवशेषांवर नेमलं. तो पुरातत्त्वातला नव्हता. त्यानं काय केलं, तर आफ्रिकी वस्तीचा "कचरा" म्हणून कित्येक फूट मातीचे थर उपसून फेकून दिले, खालचं "खरं" प्राचीन दिसावं म्हणून. ज्या थरांत चुली, खापरं, मणी, सगळा हिशेब होता, तेच गेले. त्याच्या खाली प्राचीन असं काही नव्हतंच.

१९०५ ला रँडल-मॅकायव्हर या पुरातत्त्वज्ञांनी सांगितलं: मध्ययुगीन आहे आणि आफ्रिकी आहे. कुणाला रुचलं नाही. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आल्या, सोबत फक्त बायकांचा चमू. त्यात पुढे जेरिको हे प्राचीन शहर खणून नाव काढणारी कॅथलीन केन्यन फोटो काढायला होती. हॉलचा हात न लागलेली जागा शोधून त्यांनी खणलं आणि तेच सिद्ध केलं. आज मानतात ते असं की शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात हे उभारलं. तरीही ऱ्होडेशियाचं (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोरं सरकार मोकळेपणानं कबूल करेना. तिथले स्मारक-निरीक्षक पीटर गार्लेक यांनी दबावापायी १९७० ला देश सोडला. १९८० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशानं नाव घेतलं ते याच दगडी घरांचं, आणि झेंड्यावर पक्षी घेतला तो इथल्याच साबणदगडाच्या मूर्तींचा.

म्हणून, पायवाटराव, भाच्याला पुस्तक जरूर द्या. पण त्या बोळाचा फोटोही दाखवा.

(जाता जाता: तिथे चिनी भांडी, इराणी खापरं आणि भारतीय मणी मिळालेत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरातून सोनं आणि हस्तिदंत जायचं, त्या बदल्यात आलेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या काही काचमण्यांची काच आपल्या चौलच्या काचेशी जुळते, हे कळलं तेव्हा अलिबागची बायको एकदम माहेरच्या सुरात म्हणाली, "बघ!")

कुडाळचो_झील

वाचनखूण साठवली. पेन्सिल!!

तिरकस

प्रतिसाद जबरदस्त, वाद नाही. पण काडी टाकल्याशिवाय मला जेवण जात नाही. १८८५ च्या माणसानं १८८५ सारखं लिहिलं, याचा दंड त्याच्या कादंबरीला कशाला? हॉलनं माती उपसली, हॅगार्डनं नाही. आणि क्वाटरमेनचा सगळ्यात उमदा सोबती कोण, तर उंबोपा, जो शेवटी कुकुआनांचा राजा निघतो आणि गोऱ्यांना सरळ सांगतो की हिऱ्यांमागे येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी माझ्या राज्यात पाऊल टाकू देणार नाही. हे त्याच पुस्तकात आहे, मंडळी.

मु_पो_हरारे

उंबोपाचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या लक्षात राहायला हवा होता. दंड मी मागतच नाहीये. मी एवढंच म्हणतोय की माउखची पेन्सिल आणि हॅगार्डचे पुतळे एकाच दुकानातून आलेत.

मधली_सुट्टी

शाळेत शिकवते, म्हणून मुलांच्या बाजूनं सांगते. सातवीतल्या मुलाला फिनिशियन कोण हे माहीत नसतं आणि त्याची फिकीरही नसते. त्याला अर्धी दाढी आवडते, दगडी दार खाली येतं आणि गागूल चिरडते ते आवडतं, काडेपेटीतल्या शेवटच्या काड्या मोजणं आवडतं. हत्ती मारण्याचा प्रसंग मात्र माझ्या वर्गाला अजिबात झेपला नाही. दोघी रडल्या. आम्ही घाबरतो वेगळ्याच पानांना.

प्राचीन संस्कृतीतली साहसकथा हवी तर मी त्या लोकांनीच लिहिलेली देते. इजिप्तची गलबत फुटलेल्या खलाशाची गोष्ट, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची, पपायरसवर मिळालेली. १२० हात लांब, ४० हात रुंद गलबत, १२० खलाशी, वादळात सगळे बुडतात, एकटा बेटावर लागतो. (माप तिथेही हातांतच, त्यामुळे मुलांना फळ्यासमोर हात मोजायला लावता येतात, वर्गात नुसता गोंधळ.) बेटावर तीस हात लांबीचा साप येतो, अंग सोन्यानं मढलेलं, भुवया लाजवर्दाच्या (निळा दगड), दोन हातांहून लांब दाढी. साप त्याला धीर देतो, तेव्हा खलाशी लोटांगण घालून म्हणतो, मी तुला गंधरस पाठवीन. साप हसतो. म्हणतो, तुझ्याकडे गंधरस आहे कुठे? पुंट देशाचा राजा मी, गंधरस सगळा माझाच! त्याआधी त्यानं स्वतःचं सांगितलेलं असतं: आम्ही ७५ साप होतो, आकाशातून तारा पडला, सगळे जळाले, मी तेवढा तिथे नव्हतो. इथे वर्ग एकदम गप्प होतो, दरवर्षी.

शेवट तर अफलातून. ही गोष्ट खलाशी एका बड्या अधिकाऱ्याला धीर द्यायला सांगतोय, कारण तो मोहिमेत अपयशी होऊन राजापुढे उभा राहायला निघालाय. ऐकून अधिकारी म्हणतो, सकाळी कापायच्या बदकाला पहाटे पाणी कशाला पाजतोस? संपलं. गोरा शोधक नाही, हरवलेलं नगर नाही, खजिना घेऊन पळणं नाही.

मिका वॉल्तारीच्या 'सिनुहे'चं नाव अजून कुणी घेतलं नाही, नवल आहे. १९४५ ची फिनिश कादंबरी, इजिप्तचा राजा अखेनातेन याच्या काळातला वैद्य सांगतोय. ते नायकाचं नावसुद्धा इजिप्तच्या तशाच एका जुन्या गोष्टीतून उचललेलं. पण ती मोठ्यांसाठी, भाच्याला आत्ताच नको.

निळी_शाई

बदकाचं वाक्य आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावणार, अप्रेझलच्या आठवड्यात.

भोकरदनकर

उशिरा आलो, गावाकडे सोंगणी चालू होती.

'लास्ट डेज ऑफ पाँपेई' कुणी वाचलंय का? बुलवर-लिटनचं, १८३४ चं. आज वाचायला जड जातं, पानंच्या पानं वर्णन. पण राखेच्या काळोखात सगळं शहर चाचपडतंय आणि आंधळी फुलवाली निडिया तेवढी सराईतपणे वाट दाखवत पुढे चाललीय, हे एकदा वाचलं की विसरत नाही. खलनायक अर्थातच इजिप्तचा. रोमन माणूस वाईट असला तरी एवढा वाईट कसा असेल?

मु_पो_हरारे, हॅगार्ड ज्याच्या हाताखाली होता तो नाताळचा सर हेन्री बुलवर याच लिटनचा पुतण्या. आणि लिटनचा मुलगा रॉबर्ट म्हणजे आपला व्हाइसरॉय. दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबार भरवणारा, आणि पुढच्या वर्षी देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा आणणारा. बापानं एका शहराचा अंत रंगवला... असो, अवांतर होतंय.

मला सांगायचं होतं ते वेगळंच. लिटनचं पुस्तक आल्यावर शंभरेक वर्षांनी, १९३८ मध्ये, त्याच पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची बाईची मूर्ती निघाली. वीतभरापेक्षा थोडी मोठी. गळाभर दागिने, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना शृंगारपेट्या घेतलेल्या दासी. भारतातली. इ. स. ७९ ला ज्वालामुखीनं गाव गाडलं, म्हणजे त्याआधीच पोचलेली. सध्या नेपल्सच्या संग्रहालयात. तिच्या जवळची बहीण शोभेल अशी हस्तिदंती बाई आमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, तेरलाही तशीच मिळाली. पाँपेईवालीच्या बुडाशी खरोष्ठी (वायव्येकडची जुनी लिपी) अक्षर आहे, म्हणून काही अभ्यासक तिला वायव्येकडची मानतात. भांडण चालू आहे, चालू दे.

पण विचार करा. भोकरदनचा कुणी दंतकाम करणारा. बैलाच्या पाठीवरून माल पैठणला, तिथून नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण अजून आहे, लोक सांगतात जकातीचा. खाली कल्याण, मग जहाज, तांबडा समुद्र, उंटावरून नाईल, पुढे इटली. आणि डोंगर फुटतो त्या दिवशी मूर्ती कुणाच्या तरी घरात, कोनाड्यात. एवढी कथा रस्त्यावर पडलीय आणि आपण सगळे अजून सॉलोमनच्या खाणीत हिरे शोधतोय.

तिरकस

लिहा की मग. कुणी अडवलंय?

भोकरदनकर

ज्वारी काढून झाल्यावर.

आजीचं_पंचांग

लिहाल तेव्हा ग्रहण घालू नका. घालायचंच असेल तर आधी मला विचारा.

पायवाट

सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला. शिडी मिळाली. पुस्तक भाच्याला दिलं, मु_पो_हरारे यांनी व्यक्तिगत निरोपातून पाठवलेला बोळाचा फोटो आत खुणेला ठेवून. तीन दिवसांत संपवलं. उंबोपा आवडला, गुड त्याहून आवडला. खाणीतले पुतळे कुणी बनवले असं मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, "तिथं जे राहतात त्यांनी, अजून कोण?" आणि पुढे वाचायला लागला.

माउखची गोष्ट मात्र त्याला तोंडी सांगितली. त्यावर त्यानं कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं, साली वर्तमानपत्रावर वेगवेगळ्या मांडल्या आणि एकेकीचा वास घेतला. त्याच्या मते एकही लेबनॉनची नाही.